पाण्याखालच्या माहेरी

लातूर

हा प्रवास सुरू झाला लातूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. चष्म्याचा नंबर तपासायला मी निलंग्याहून आले होते आणि बाकावर माझी पाळी यायची वाट बघत बसले होते. पलीकडे बसलेली एक जाडजूड बाई सिस्टरला सांगत होती, "डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं ना माय, कवापासून."

मी चमकले. लातूर-निलंग्याकडे असं कुणी बोलत नाही. इकडे 'पाणी येलालंय' म्हणतात. 'येऊन राह्यलं' हे आमच्या बाजूचं, थेट हदगावच्या पलीकडचं. मी उठून तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "बाई, तुम्ही हदगावकडच्या का?"

"हाव," ती म्हणाली. "कवठखेड्याची. पण ते गाव आता न्हाई."

मी म्हटलं, "मी सुशी. दत्तराव मास्तराची."

तिच्या डोळ्यांत नुकतंच औषध घातलं होतं. तिनं चाचपडत माझा हात धरला. "तोंड तर दिसून न्हाई राह्यलं तुझं. पण आवाज मात्र तुझ्या मायचा हाय. मी गोदा."

गोदावरी आणि मी एकाच गल्लीत वाढलो. एकाच वर्षी आमची लग्नं झाली, मी निलंग्याला आले आणि तिला लातूरला दिली. पुढं दोन-तीन वर्षांतच नदीवरच्या धरणाची भिंत पुरी झाली आणि कवठखेडा पाण्यात गेलं. माझे भाऊ पुण्याला गेले, आई-वडीलही त्यांच्यामागे गेले. पंचमीला सासरच्या सगळ्या बायका माहेरी निघायच्या, तेव्हा मी शाळेची कामं काढून बसायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. भावाचा पुण्याचा फ्लॅट चांगला होता, पण त्याला माहेर म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही. गोदाचंही तेच झालं होतं. एवढी वर्षं आम्ही तासाभराच्या अंतरावर राहत होतो आणि दोघींनाही पत्ता नव्हता.

त्या बाकावरच ती म्हणाली, "जायाचं का?"

"कुठं?"

"गावाला."

"गाव कुठं राहिलंय आता?"

"जिथं होतं तिथंच असंल की. पाणी वरून आलं. गाव कुठं हाललं?"

येळवस झाली की निघायचं, असं आम्ही तिथंच ठरवलं.

हदगावकडच्या वाचकांसाठी सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्ष संपताना लातूरकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी झोपडी करतात, तिच्यात पूजा मांडतात, आणि डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, मडकं भरून ताकातली आंबील असा बेत असतो. लग्नानंतर पहिल्या येळवसीला मी सासूबाईंना विचारलं होतं, की आज घरात चूल का नाही पेटवायची? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी परदेशातून आले होते. आमच्याकडे हा सण कुणाला ठाऊकच नव्हता.

नांदेडच्या पुढे

येळवसीचे उरलेले उंडे डब्यात घालून दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गोदाच्या मुलानं तिला बसस्टँडवर सोडलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, आईला जरा आवरा. आठ दिवस झाले, घरात दुसरा विषय नाही."

आवरायला मी तरी कुठं शुद्धीवर होते? लातूर सुटलं आणि आम्ही बोलायला लागलो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आमचं बोलणं काही थांबेना. गंमत म्हणजे माझी भाषा बदलायला लागली. शाळेत आयुष्यभर मी मुलांना शुद्ध बोला म्हणून सांगत आले. निलंग्यात राहून चार कानडी शब्दही तोंडात बसले होते. आता गोदाच्या शेजारी बसून मी 'हाव' आणि 'करून राह्यले' म्हणत होते. जुनी वहाण पायात घातल्यावर पायाला जसं वाटतं, तसं जिभेला वाटत होतं.

नांदेडला बस बदलायची होती. तिथं आम्ही एवढ्या तंद्रीत होतो की समोर लागलेल्या बसमध्ये चढून बसलो. अर्धापूरच्या पुढं कंडक्टर आला आणि तिकीट फाडताना म्हणाला, "हदगाव? ही गाडी हिंगोलीची हाय, मावशी."

"मग हदगावला न्या की," गोदा शांतपणे म्हणाली.

सगळी बस हसली. कंडक्टरही हसला आणि त्यानं आम्हाला वारंगा फाट्यावर उतरवलं. तिथं हॉटेलात गरम खिचडी मिळाली, वर तळलेली मिरची. उभ्या उभ्याच खाल्ली. आमच्या लहानपणी गावातले बाप्ये बाजाराला जायचे आणि फाट्यावर खाऊन यायचे. आम्ही पोरी घरी त्यांच्या तोंडून फक्त वर्णन ऐकायचो. गोदानं दुसरी प्लेट मागवली आणि म्हणाली, "ही माझ्या बापाच्या वाटची."

हदगाव लागेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचायचा राहिला होता, बाजारात सोयाबीनची पोती लागलेली होती. सगळं बदललं होतं, पण वाऱ्याला तुरीच्या शेंगांचा तोच वास येत होता.

नवं गाव

कवठखेड्याच्या ज्या लोकांनी धरणग्रस्तांचे प्लॉट घेतले, त्यांची वस्ती हदगावपासून जवळच आहे. सगळे तिला नवं गाव म्हणतात. सरळ रस्ते, एका मापाची घरं, चौकात मारुतीचं देऊळ. मारुती तेवढा जुन्या गावातून बैलगाडीत घालून आणलेला. त्याला पाहून गोदा म्हणाली, "हा लई बारीक झाला की." मला वाटतं, आम्ही मोठ्या झालो होतो.

जुन्यांपैकी रामजीकाका तेवढे भेटले. नव्वदीला आलेले, कान शाबूत, पाय गेलेले. त्यांच्या अंगणात आम्ही जाऊन उभ्या राहिलो. गोदानं नाव सांगितलं. ते म्हणाले, "नाव नको सांगू. कोणाची ते सांग." बापाचं नाव ऐकताच त्यांनी आमच्या दोघींची घरं, गोठे, बैलांची नावंसुद्धा सांगितली.

पण एका गोष्टीवर अडलं. काका म्हणाले, मारुतीपासून नदीकडं जाणारी गल्ली उजवीकडं वळायची. गोदा म्हणाली, डावीकडं. दोघंही मागं हटेनात. शेवटी गोदानं काकांच्या सुनेकडून रांगोळीचा डबा मागितला, पदर खोचला आणि सारवलेल्या अंगणात गाव काढायला बसली.

आधी नदीची वळणदार रेघ, मग मारुती, चावडी, शाळा. अंगणात माणसं जमायला लागली. कुणी म्हणालं आमचं घर इथं, कुणी म्हणालं ती चिंच त्याच्याही मागं. एका म्हातारीनं कुणाला न विचारता चिमूट घेतली आणि आपल्या दाराशी तुळस काढली. काकांच्या नातसुना पायऱ्यांवर बसून बघत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "आम्ही लग्न होऊन आलो तवापासून ह्या गावाचं नाव ऐकून राह्यलो. आज पहिल्यांदा बघितलं." गल्ली डावीकडंच वळत होती. काकांनी काठी टेकवून ते मान्य केलं आणि लगेच म्हणाले, "पण पुढं उजवीकडं वळायची."

गोदा चप्पल काढून रांगोळीच्या गल्लीतून आपल्या घरापासून नदीपर्यंत चालून आली. मीही गेले. रेघा पुसू नयेत म्हणून दोघीही लहान मुलींसारख्या टाचा उचलून चालत होतो.

सगळं भरत आलं आणि ओढ्याच्या पलीकडची बाजू तेवढी मोकळी राहिली. तिथं बौद्धवाडा होता. मी विचारलं, "शांताचं घर कितवं होतं?" शांता आमच्या वर्गातली, सगळ्या शाळेत हुशार. आम्ही तिघी एका रांगेत बसायचो. पण तिच्या घराशेजारी कोण राहायचं, ते जमलेल्यांपैकी कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

काका म्हणाले, "ती माणसं हिकडं आलीच न्हाईत. त्यांनी किनवटकडं जमीन घेतली. शांता तिकडंच हाय. मोठी साहेबीण झाली म्हणतात."

गोदानं रांगोळीचे हात झटकले. "सुशे, पाणी कुठं पळून न्हाई चाललं. आधी शांता."

किनवट

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमायतनगरहून आम्ही आगगाडीत बसलो. गोदा खिडकी सोडायला तयार नव्हती. सहस्रकुंड मागं पडलं आणि जंगल सुरू झालं. सागाची पानं थंडीनं तांबडी पडली होती. निलंग्याकडं ऊस दिसतो, काळी माती दिसते, नजर थेट क्षितिजाला लागते. इथं डब्याच्या दोन्ही खिडक्यांना झाडं लगटत होती. समोर बसलेल्या एका बाईनं आम्हाला सीताफळाएवढा गुळाचा खडा आणि शेंगदाणे दिले. कुठं निघालात, तिनं विचारलं. "मैतरणीला हुडकायला," गोदानं सांगितलं.

हुडकावं लागलंच नाही. स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याला शांताचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "अधीक्षक मॅडम? बसा. माझी बायको त्यांच्याच वसतिगृहात शिकली."

शांता मुलींच्या निवासी वसतिगृहाची अधीक्षक होऊन निवृत्त झाली होती. गावाबाहेर रस्त्याला लागून तिचं घर, मागं हळदीचं शेत. ती ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होती. पांढरी साडी, बारीक काठ, नाकावर चष्मा. आमच्याकडं चष्म्यावरून पाहत म्हणाली, "या, बसा. कोणाच्या पालक?"

गोदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शांते, एकोणतीसचा पाढा म्हण."

पेपर खाली पडला. शांता उठली, दोन पायऱ्या उतरली आणि म्हणाली, "गोदी." मग माझ्याकडं वळली. माझं नाव तिनं घेतलं नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

दुपारी तिनं आणि तिच्या सुनेनं आम्हाला अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या वाढल्या. मी कण्या खाऊन किती वर्षं झाली होती, सांगता येणार नाही. निलंग्याला कुणी करत नाही. गोदानं ताटात बोट फिरवून चाटलं. आमचे उंडे शांताच्या सुनेला दिले. तिनं ते हातात घेऊन फिरवून पाहिले आणि हे कशाशी खातात, असं विचारलं. मग आम्ही रांगोळीच्या गावाची हकिगत सांगितली. गोदा रंगात येऊन सांगत होती. शांता ऐकत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "चांगलं झालं. पण खरं सांगू का, मी त्या गावासाठी कधी रडले न्हाई."

गोदानं ताट पुढं सारलं.

"तुमचं गाव गेलं," शांता म्हणाली, आवाज अजिबात न चढवता. "आमचं काय गेलं? दुसऱ्याच्या शेतात राबणं गेलं. हिथं आल्यावर बापाच्या नावावर सातबारा झाला. माझ्या बापाला लिहिता येत न्हवतं. तो उतारा घेऊन तो रोज मला वाचायला लावायचा. नाव आलं की म्हणायचा, आणखी एकदा वाच."

"मग तुला आमची बी आठवण न्हाई आली?" गोदाचा आवाज दुखावलेला होता.

"तुमची आली. गावाची न्हाई."

शांताच्या सुनेनं पाण्याचे तांबे भरून आणले. मला वाटलं, इथंच हा प्रवास संपला. गोदा उठून अंगणात गेली आणि हळदीच्या शेताकडं तोंड करून उभी राहिली. मी शांताला म्हटलं, "आम्ही उद्या पाण्यावर जाणार आहोत. तू येशील असं वाटलं होतं." ती म्हणाली, "मला काय बघायचं तिथं?" तेवढ्यावर तो विषय राहिला. संध्याकाळी तिघी मिळून शेतात फिरलो, नातवंडांबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो.

सकाळी आम्ही निघायची तयारी करत होतो तेव्हा शांता इस्त्रीची साडी नेसून, पिशवी घेऊन बाहेर आली. गोदानं तिच्याकडं पाहिलं.

"एवढी वर्षं लोकांच्या तोंडून ऐकलं, गाव बुडलं, गाव बुडलं," शांता म्हणाली. "एकदा माझ्या डोळ्यांनी बघते बुडलंय का."

पाणी

काळीपिवळीनं आम्हाला धरणाच्या मागच्या बाजूला सोडलं. मी मनाची पुष्कळ तयारी करून आले होते. रडू येईल, पाय गळतील, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात समोर ते पाणी पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "किती छान आहे." निळंशार, वाऱ्यानं चुरगळलेलं, वर पांढरे बगळे. काठावरचे लोक सुखी दिसत होते. मोटारी लावून हरभऱ्याला पाणी चाललं होतं.

लक्ष्मण नावाचा मासेमारी करणारा भोई काठावर जाळं सुकवत होता. कवठखेड्यावर न्या म्हटल्यावर त्यानं विचारलं, "जुन्या गावच्या लेकी का?" तिघीही एकदम हाव म्हणालो, शांतासुद्धा. तिच्या ते लक्षात आलं आणि ती हसली.

होडीत बसताना गोदाचा तोल गेला आणि ती लक्ष्मणच्या माशांच्या टोपलीत बसली. साडीला वास लागला तो घरी जाईपर्यंत गेला नाही. होडी निघाली. समोर महादेवाची टेकडी पाण्यातून अर्धी वर आलेली होती. ती ओळखली आणि मग सगळं ओळखू यायला लागलं. टेकडीच्या नाकासमोर शाळा. तिच्या अलीकडं चावडी. गोदा होडीच्या पुढं बसून ओरडत होती, "आता आमची गल्ली. हळू चालव भाऊ, डावीकडं घे." लक्ष्मण गंभीर चेहऱ्यानं डावीकडं घेत होता. मी पाण्यात वाकून पाहत होते. खाली काही दिसत नव्हतं, हिरवट अंधार. पण गल्ली आमचीच होती. मी माझ्या घरावर होते. छपराच्याही वर. लहानपणी छपरावर चढले म्हणून मार खाल्ला होता.

"सुशे," शांता म्हणाली, "गावातली हीर कुठं आली?"

मी टेकडी आणि काठावरचा एक खडक यांची ओळ धरली. "आणखी थोडं पुढं. इथं. इथंच असणार."

"थांबव," शांता लक्ष्मणला म्हणाली.

होडी थांबली. शांतानं बांगड्या मागं सारल्या. "माझी माय हंडा घेऊन ह्या हिरीपाशी उभी राहायची," ती म्हणाली. "रहाटाला हात लावायचा न्हाई. कुणी आलं आणि त्याच्या मनात आलं तर वरून ओतायचं. उन्हाळ्यात दुपार व्हायची. मी तिच्या पदराला धरून उभी. तुम्ही दोघी शाळेत निघून जायच्या, मला उशीर व्हायचा. मास्तर विचारायचे उशीर का. काय सांगणार?"

ते मास्तर म्हणजे माझे वडील.

शांता होडीच्या काठावरून वाकली. दोन्ही हातांची ओंजळ पाण्यात घातली, वर काढली आणि प्याली. मग पुन्हा एकदा. सावकाश, चव घेत. तोंड पुसून म्हणाली, "गोड हाय की."

नंतर तिनं तिसऱ्यांदा ओंजळ भरली आणि आमच्याकडं वळली. "धरा हात. आता मी वाढते."

गोदानं हात पुढं केले. शांतानं वरून पाणी सोडलं. गोदा प्याली, मग मी प्याले. पाणी थंडगार होतं, दातांना लागलं. त्यानंतर काय झालं कुणास ठाऊक, शांता हसायला लागली. आधी हळू, मग खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गोदाही हसायला लागली, मीही. लक्ष्मण वल्हं हातात धरून बघत राहिला. तीन म्हाताऱ्या भर पाण्यात, भर दुपारी, वर तोंड करून हसत होत्या.

काठावर लक्ष्मणच्या बायकोनं आम्हाला माशाचं कालवण आणि भाकरी दिली. मी घरी मासे खात नाही. त्या दिवशी खाल्ले.

फाट्यावर निरोप घेताना गोदानं शांताला विचारलं, "पंचमीला काय करतीस?"

"पंचमी-बिंचमी मी करत न्हाई," शांता म्हणाली. "पण तुम्ही या. लेकी म्हणून या."

श्रावण

आम्ही गेलो. तेव्हा किनवटचं जंगल हिरवंकंच झालं होतं आणि शांताची हळद गुडघ्याला लागत होती. सणाचं काही नव्हतं, तरी तिनं सागाच्या आडव्या फांदीला दोर टाकून झोका बांधला होता. "नातीसाठी," असं ती म्हणाली. नात लातूरएवढ्याच लांबच्या शहरात कॉलेजात होती. झोक्यावर गोदा बसली आणि फांदी करकरली, तेव्हा शांता अधीक्षकांच्या आवाजात ओरडली, "एकेकीनं बसा." आम्हाला तिनं कामाला लावलं नाही, ताटं उचलू दिली नाहीत, उशिरापर्यंत झोपू दिलं. निघताना दोघींच्या पिशव्यांत घरची हळद भरून दिली आणि वर एकेक खण ठेवला.

नांदेडच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर एक तरुण बाई होती. कडेवर मूल, पायाशी गाठोडं. सासरी परत निघाली असणार. हळदीच्या वासानं तिनं आमच्या पिशव्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "कुठून येऊन राह्यल्या, आजी?"

"माहेरून," मी म्हणाले.

"ह्या वयात? कोण असतं तिथं?"

मी तोंड उघडायच्या आधीच गोदा म्हणाली, "आमची थोरली बहीण. हळदीचं शेत हाय तिचं, तिच्या बापाच्या नावावरचं."